तीन फूट मागे

१

योगराजच्या स्टुडिओत शांतता अशी कधी नसायचीच. सुरतेच्या लिंबायतमधली ती लांबोडकी खोली मुळात लूमची, म्हणजे यंत्रमागांची. मालकाने तिथले चार लूम भेस्तानला हलवले आणि रिकामी जागा योगराजला भाड्याने दिली. पण भिंतीपलीकडचे बारा लूम जागच्या जागी होते. सकाळपासून खटाखट, खटाखट. भिंतीवरचा आरसा थरथरायचा, कपातल्या चहावर बारीक लाटा उठायच्या, आणि सुताची पांढरी धूळ कुठून कुठून येऊन उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायची. नवं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "फोटो हलणार नाही ना?" योगराज म्हणायचा, "तुम्ही हलू नका, बाकी मी बघतो."

खोलीच्या टोकाला पडदा होता आणि पडद्यामागे संसार. संसार म्हणजे धनश्री. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नव्हता. तिच्यावाचून योगराजचं पान हलत नसे. लाइट लावला की आधी तिला स्टुलावर बसवायचं, सगळं बरोबर आहे ना बघायचं आणि मग गिऱ्हाइकाला बोलवायचं, ही त्याची रीत. तीही हाताचं पीठ झटकून येऊन बसायची. तिच्या काचेच्या बांगड्या लूमच्या खटखटीतही त्याला ऐकू यायच्या. ती घरात कुठे आहे हे त्याला मान वर न करता कळायचं.

धनश्री जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव घेणं तिला मेलं तरी जमत नसे. एकदा रेशनकार्डाच्या रांगेत कारकुनाने नाव विचारलं, तर हिने पिशवीतून स्टुडिओचं छापील पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं. वडीलधारं माणूस दारात दिसलं की बोलता बोलता तिचा हात मागे जाई आणि पदर डोक्यावर येई. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की तिचं स्वतःचंही त्याकडे लक्ष नसे.

२

नव्याण्णव सालच्या डिसेंबरात बन्सीलाल शेठ सिंगापूरहून डिजिटल कॅमेरा घेऊन आले. रिंगरोडच्या मार्केटात त्यांचं साड्यांचं मोठं दुकान. त्यांनी कॅमेऱ्याची पेटी लहान बाळासारखी योगराजच्या हातात दिली.

"योगराजभाई, रोल नाही, धुलाई नाही. बटण दाबा ने जुओ, फोटो लगेच समोर," शेठ म्हणाले. "सोमवारी मुंबईची मॉडेल येणार. एका दिवसात साठ साड्या. कॅटलॉग सरस झाला, तर सगळं काम तुमच्याकडे."

योगराजला त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर पासपोर्ट फोटो काढलेल्या माणसापुढे असं ताट कोण वाढतं? पण सकाळी कॅमेरा टीव्हीला जोडून पहिले फोटो बघितले आणि त्याचं तोंड उतरलं. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स सगळं दाखवत होती, अगदी सगळं. आणि त्यात साडीची जर दिसत होती पितळी तारेसारखी, फटफटीत.

मग त्याला ती जुनी लेन्स आठवली. नानपुऱ्यातला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा भंगारात मिळालेली, वजनदार, जर्मन. कुणाची होती, त्या माणसाने ती का ठेवून दिली, हे विचारायचं योगराजला तेव्हा सुचलं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. तिची फोकसची कडी सहा फुटांच्या आकड्यावर गंजून बसली होती. कितीही तेल सोडा, ढिम्म हलत नव्हती. म्हणजे बरोबर सहा फुटांवरचंच स्पष्ट येणार, बाकी धूसर.

"येऊ दे ना," योगराज स्वतःशीच म्हणाला. "मॉडेलला सहा फुटांवर बसवू."

ही लेन्स त्या कॅमेऱ्यावर बसेना. तेव्हा हिलालला बोलावणं गेलं. हिलाल पलीकडच्या लूमवर फिटर, योगराजच्याच गावचा. त्याने उधन्याच्या एका लेथवर पितळेचं कडं कातून आणलं. एका बाजूने लेन्स, दुसऱ्या बाजूने कॅमेरा, मध्ये कडं. बसलं चपखल.

योगराजने स्टुलावर समई ठेवली. कॅमेऱ्यापासून स्टुलापर्यंत सूत ताणलं, सुताला फुटाफुटाला गाठ, सहाव्या गाठीवर समई. फोटो काढला, टीव्हीवर बघितला. समईच्या पितळेवर ऊन नुसतं सांडलं होतं.

३

दुपारी धनश्री शेठची लाल साडी नेसून स्टुलावर बसली. मोठ्या ऐटीत बसली होती. "ठेई लेऊ का ही?" तिने हळूच विचारलं आणि स्वतःच हसली.

फोटो टीव्हीवर आला. धनश्रीचा चेहरा धूसर होता.

योगराजने सूत पुन्हा ताणलं. सहावी गाठ तिच्या नाकासमोर. पुन्हा फोटो. पुन्हा धूसर. मग त्याने एक युक्ती केली. मोराच्या काठाची एक साडी कॅमेऱ्यापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत जमिनीवर पसरली. काठावर फुटाफुटाला एक मोर. कुठला मोर स्पष्ट येतो ते बघायचं.

नववा मोर आला. डोळा, चोच, शेपटीचा एकेक धागा. सहावा मोर म्हणजे नुसता हिरवा डाग.

"तीन फूट मागे," योगराज पुटपुटला. मग समई कशी स्पष्ट आली? त्याने धनश्रीला उठवून समई ठेवली. सहावा मोर. समई उचलून धनश्रीला बसवलं. नववा.

तो हट्टाला पेटला. स्टूल मागे नेलं, नवव्या मोरावर. कडी गंजलेली, लेन्सला नवव्या मोराशिवाय दुसरं काही स्पष्ट दिसायला नको होतं; म्हणजे आता तरी धनश्री स्पष्ट यायला हवी होती. त्याने बटण दाबलं.

बारावा मोर आला.

योगराज बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिला. काचेचं गणित माणूस बघून बदलत नाही, एवढं त्याला कळत होतं. मग तो स्वतःला म्हणाला, की सूत ढिलं पडलं असेल, स्टूल सरकलं असेल, आपणच मोर मोजायला चुकलो असू. माणसाला हवं असलं म्हणजे कारण सापडतंच.

४

हिलालला मात्र यात काही नवल वाटलं नाही.

"आरे, लूमवर बी असंच व्हस," तो म्हणाला. "सुती धाग्याले एक पॅकिंग, रेशमी धाग्याले दुसरी. समईले जी चालनी ती माणूसले कशी चालई? सूतभर फरक शे. एक पत्ता टाक, मंग दख."

त्याने खिशातून पुठ्ठ्याचा एक पत्ता काढला. साडीवर नक्षी उमटावी म्हणून लूमवर भोकांचे पत्ते चढवतात, त्यातला जुना. कात्रीने त्याची गोल चकती कापली आणि कडं नि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून लेन्स फिरवली. खट्ट असा आवाज झाला.

धनश्री पुन्हा सहाव्या मोरावर बसली. आठवा मोर आला. हिलालने मिशीवर हात फिरवला. "दख! एका पत्त्याले एक फूट. आखो दोन टाकात की काम फत्ते."

योगराजचा जीव भांड्यात पडला. पण फोटो नीट बघताना त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. धनश्रीच्या डोक्यावर पदर होता.

"पदर कशाला घेतला? केस मोकळे दिसले पाहिजेत, शेठने सांगितलंय."

"मी कव्हय लिधा?" धनश्री म्हणाली. तिने डोक्याला हात लावला, पदर हाताला लागला तशी ओशाळली आणि तो खाली केला. हिलाल तिच्याहून लहान, तिला वहिनी म्हणणारा. खोलीत चौथं कुणी नव्हतं.

पुढचा फोटो काढला. त्यातही पदर डोक्यावर होता.

५

शनिवारी दुसरा पत्ता बसला. खट्ट. सातवा मोर.

त्या दिवशी ऊन तिरपं येत होतं आणि पलीकडे कुठलंसं लूम बिघडल्यामुळे धूळ जास्त होती. फोटोत धूळ छान आली होती. धनश्रीच्या मागे, एका फुटावर, धुळीचा कण न् कण टाचणीच्या टोकासारखा स्पष्ट. योगराजला आधी कौतुकच वाटलं. मग त्याला दिसलं, की धूळ सगळीकडे नव्हती.

तिच्या मागे मधोमध एक जागा कोरी होती. वर गोल, खाली रुंद होत गेलेली, बसलेल्या धनश्रीपेक्षा दीड हात उंच. कण तिच्या कडेपर्यंत येत होते आणि तिथे थांबत होते. पाण्यात दगड असला म्हणजे पानं जशी वळून जातात, तसे वळलेले दिसत होते.

त्याने झटक्यात मान वळवून खोलीत बघितलं. उन्हाचा पट्टा, तरंगती धूळ, स्टुलावर बायको. काही नव्हतं. लूम वाजत होते.

"तुला बसल्यावर काही वाटतं का गं?" त्याने विचारलं.

धनश्री हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली. "मांगे कोनी तरी मोठं मानूस उभं शे असं वाटस," ती शेवटी म्हणाली. "भ्याव नही वाटत. पन पाठ करीसन बसले लाज वाटस."

योगराजने लेन्स उतरवली. "राहू दे. शेठची नवीच लावू. जर दिसेल तशी दिसेल."

"येडा शेतस का तुम्ही?" ती उठून त्याच्याजवळ आली. "इतलं काम हातमा आलं. एकच पत्ता राहिना. मी बठसू सकाय. माले काय व्हवाव शे?"

इथे योगराजने नाही म्हणायला हवं होतं. पुढे त्याला हे हजारदा वाटलं असतं, जर पुढे तेवढा वेळ मिळाला असता. पण साठ साड्यांचा कॅटलॉग त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि दुसऱ्या माणसाला तयार बघितलं की आपली भीती फार स्वस्त वाटते. त्याने लेन्स पुन्हा कॅमेऱ्यावर बसवली.

६

रविवारी कधी नव्हे ती लूमला सुट्टी होती.

दुपारचं जेवण झालं. इतक्या वर्षांची खटखट थांबल्यावर खोली मोठी वाटत होती. नळातून पडणारा थेंब ऐकू येत होता. धनश्री पडद्याआड लाल साडी नेसत होती आणि तिच्या बांगड्या एरवीपेक्षा फार स्पष्ट वाजत होत्या. ती येऊन स्टुलावर बसली. बसतानाच तिने पदर डोक्यावर घेतला, पार कपाळापर्यंत, आणि मान खाली घातली. या वेळी योगराज तिला काही बोलला नाही.

त्याने तिसरा पत्ता बसवला आणि लेन्स फिरवली. खट्ट.

डोळा लावून बघितलं तेव्हा धनश्रीने मान वर केली. सावकाश पदर खाली सोडला, केस पाठीवर घेतले, आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. योगराजने बटण दाबलं.

टीव्हीवर सहावा मोर स्पष्ट होता. आणि धनश्री! पापण्यांचा एकेक केस, ओठांवरची रेघ, जरीवर सांडलेलं ऊन. असा फोटो योगराजने जन्मात काढला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. जमलं एकदाचं. उगाच घाबरलो, असं त्याला वाटलं आणि तो हसतच वळला.

"योगराज," धनश्री म्हणाली. "व्हयनं का?"

आवाज तिचाच होता. योगराजचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. अकरा वर्षांत तिच्या तोंडून त्याने हे नाव ऐकलं नव्हतं. ती थट्टा करते आहे असं त्याला वाटायला हवं होतं. पण ज्या सुरात ते आलं त्या सुरात थट्टा नव्हती. त्याच्या आजाला मोठमोठी माणसं अशी हाक मारायची आणि आजा हातातलं काम टाकून उभा राहायचा.

"जी," योगराज म्हणाला. म्हणाला आणि मग त्याला कळलं की आपण जी म्हणालो.

ती मांडीवर हात ठेवून बसली होती. त्याच्याकडे बघत तिने एक हात उचलून केस सारखे केले. बांगड्या एकमेकींवर घसरल्या. आवाज आला नाही. नळाचा थेंब मात्र पडताना ऐकू आला.

योगराजने टीव्हीकडे बघितलं. आता त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली नाही. तिच्या मागे, नवव्या मोरावर, काहीतरी उभं होतं. फार धूसर. लाल. वरच्या बाजूला पदर कपाळापर्यंत ओढलेला असावा तसा गोल डाग, आणि खाली मान घातल्यासारखा वाक. त्या डागाच्या बाजूला एक हात अर्धवट वर आला होता. मनगटाशी हिरवा ठिपका होता.

धनश्रीच्या बांगड्या हिरव्या होत्या.

७

"धनश्री," त्याने हाक मारली. स्टुलाकडे बघून नाही, स्टुलाच्या मागे तीन फुटांवर बघून. तिथे फरशी होती, आणि फरशीवर पसरलेल्या साडीचा मोर.

स्टुलावरची बाई उठली. लाल साडीच्या निऱ्या सावरत ती कॅमेऱ्याजवळ आली. योगराज नकळत बाजूला सरला, वाट दिली. तिने लेन्स फिरवून काढली, सरावाच्या हाताने. तिन्ही पत्ते काढून तळहातावर एकावर एक ठेवले. लेन्स पुन्हा बसवली. मग स्टुलाकडे बघितलं.

"आते तू बठ," ती म्हणाली.

योगराजला सगळं काही कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं. त्याला एवढंच कळलं, की धनश्री नवव्या मोरावर उभी आहे आणि एका पत्त्याला एक फूट पुढे येते. जो आला तो याच वाटेने आला. मग तीही येईल. वाटेत कुणीतरी बसायला हवं. ती आपल्या अंगात आली की आपण कुठे जाऊ, हेही त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला खंत वाटली नाही. तिने त्याच्यासाठी बसायला मागेपुढे पाहिलं नव्हतं.

तो स्टुलावर बसला. लाकूड अजून ऊबदार होतं. पाठीमागे खोली लांबच लांब वाटत होती.

"मी शे इथे, घाबरू नको," तो मान न वळवता म्हणाला. "ये."

कॅमेऱ्यामागे पहिला पत्ता बसला. खट्ट.

त्याने कान दिला. मागे काही हललं, फरशीवर साडी घासावी तेवढंच. आता बांगड्या वाजतील, तो म्हणाला. जवळ आल्यावर तरी वाजतील. थेंब पडला. दुसरा पडला.

दुसरा पत्ता बसला. खट्ट.

आता ते एका फुटावर होतं. तो बांगड्यांची वाट बघत होता, डोळे मिटून, जीव कानात आणून. बांगड्या वाजल्या नाहीत. आणि त्याचा उजवा हात वर गेला. त्याने नेला नव्हता. हात खांद्यावरून मागे गेला, डोक्यापाशी आला, आणि पुढे ओढायला काहीतरी शोधू लागला. पदर, रुमाल, काहीही.

योगराजने डोळे उघडले.

बायको जवळ आली म्हणून कुणी डोकं झाकतं का?

त्याला उठायचं होतं. त्याला ओरडून सांगायचं होतं, की ही ती नाही, हे दुसरंच कुणी मोठं माणूस आहे, धनश्रीला मी कुठे सोडून आलो. पण मान आपोआप खाली गेली होती. खाली फक्त सहावा मोर दिसत होता, चोचीसकट, अगदी स्पष्ट.

कॅमेऱ्यामागे पुठ्ठ्याचा पत्ता सरकला.